चिंचेने घासलेल्या पुंगळ्या

चिंच भिजत घातली की त्या वासाने माझं डोकं आजही फिरतं. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत, ट्रॉयच्या आमच्या गॅरेजमध्ये, झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरता याव्यात म्हणून साच्यात दाबून मापात आणणाऱ्या हातप्रेसला मी मोटर बसवली. तीन वीकेंड खपलो. शेवटी पुंगळ्या साच्यात अडकू नयेत म्हणून त्यांना वंगण चोळून ट्रे भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी ट्रेकडे न बघताच स्विच दाबला, तर पहिलीच पुंगळी साच्यात अडकली. हाताला कळलं असतं, मोटरला कुठलं कळतंय! तिने पुंगळीची कड उपटली आणि साचा कामातून गेला. बघतो तर सगळ्या पुंगळ्या देवाच्या भांड्यांसारख्या लखलखीत, वंगणाचा पत्ता नाही. पुण्याहून आलेली आई दारात उभी. “चिकट झाल्या होत्या रे, चिंचेने घासल्या.” “कुणी सांगितलं होतं तुला? काडतुसं आहेत ती!” मी ओरडलो. “मला तू मशीनचे पार्ट म्हणाला होतास. बंदुकीचं म्हणाला असतास तर हातही लावला नसता!” ती माझ्याहून मोठ्याने कडाडली आणि आत निघून गेली. साचा मी नवा आणला. पण परवा मावशीने फोनवर विचारलं, “गॅरेजमध्ये काय करत असतोस रे?” आणि माझ्या तोंडून, आग लागो त्याला, पुन्हा “मशीनचे पार्ट”च निघालं.