आत्याशिवाय चणकापूर नाही

दिवाळीत आमचं घर फुलांमागे पळायचं. नाशिकजवळच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती. पाडव्यापर्यंत पंचवटीच्या बाजारात उभं राहून आई-दादांचे पाय सुजायचे. त्यामुळे आमची सुट्टी एकच, भाऊबीज. त्या दिवशी दादा, म्हणजे माझे वडील, टेम्पो धुऊन मागे सतरंजी अंथरायचे आणि आम्ही देवळ्याला निघायचो. तिथे आत्या दादांना ओवाळायची, मग तिला घेऊन चणकापूर धरण. नव्वदच्या दशकात हे एकदाही चुकलं नाही. आमच्या घरात पोहता येणारी एकटी आत्याच.

मी नववीत गेले त्या उन्हाळ्यात आत्याचे यजमान वारले. त्या भाऊबीजेला आई म्हणाली, "यंदा राहू द्या. आक्कांना लोक नावं ठेवतील." आत्याला ती आक्का म्हणायची.

"भाऊबीजेला बहिणीकडं नाय जायचं, तर कधी जायचं?" दादांनी विषयच संपवला.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते: आग्रा रोडने सोग्रस फाटा, तिथून डावीकडे भावडबारीचा छोटा घाट ओलांडून देवळा. पहाटे निघा. थंडीत घाटातला चहा अमृत लागतो. आमचा खर्च डिझेलचा आणि त्या चहाचा, बाकी शिदोरी घरची: बाजरीच्या भाकरी, ठेचा, पातीचा कांदा आणि भाजायला वांगी.

आत्या अंगणात कांद्याचं रोप निवडत होती. दादांना म्हणाली, "नामा, यंदा ओवाळणार नाय मी. आन् येणार तर नायच नाय."

दादा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी बांधावरून तीन दगड आणले, अंगणात चूल मांडली. "मग सहल इथंच. चणकापूर काय, देवळा काय!"

आईने गोवऱ्या पेटवल्या. वांग्याचा धूर गल्लीत गेला तशा शेजारणी डोकावल्या. आत्या मान खाली घालून रोप निवडत राहिली. शेवटी ओट्यावर बसलेली तिची सासू अहिराणीत म्हणाली, "जाय ना बाई. पोरे वाट देखी राहिनात."

आत्याने हातातलं रोप खाली ठेवलं. मग उठली, चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाली, "अर्धीकच्ची वांगी घ्या बरोबर."

देवळ्याहून कळवण, पुढे अभोणा, मग चणकापूर. अभोण्यानंतर डोंगर जवळ येतात आणि ब्रिटिशांच्या काळातलं ते धरण एकदम समोर उघडतं. नोव्हेंबरात ते काठोकाठ भरलेलं असतं, गवत नुकतं पिवळं पडू लागलेलं. इतकं शांत पाणी मी आजवर दुसरीकडे पाहिलेलं नाही. प्यायचं पाणी मात्र सोबत न्या, आणि पोहता येत नसेल तर काठ सोडू नका.

मी तेव्हा नेमका काठ सोडला. आत्या लांब दगडावर पाठ फिरवून बसली होती. मी कमरेपर्यंत पाण्यात शिरले, पाय घसरला आणि ओरडले. दादा धावायच्या आत आत्या लुगड्याचा काष्टा मारून पाण्यात होती. आधी मला एक धपाटा बसला. मग माझ्या पाठीखाली तिचा हात आला.

"आभाळाकडं बघ. अंग सैल सोड. पाण्याशी भांडू नको."

हात कधी काढला, मला कळलंच नाही. मी तरंगत होते.

मला काठावर बसवून ती स्वतः आत गेली, लांब, संथ हात मारत. दादा काठावर उभेच होते. परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि ती हसत होती. त्या दुपारी तिने भरताबरोबर दोन भाकरी खाल्ल्या. उन्हाळ्यापासून तिला असं जेवताना कुणी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तिला देवळ्याला सोडलं. दारातच शेजारीण होती. "धरणावर गेली व्हतीस म्हणे?"

"गेले व्हते," अजून दमट असलेला पदर झटकत आत्या म्हणाली. "पोहले बी. लय गार व्हतं पाणी."

शेजारीण आपल्या घराकडे वळली.

नंतर मी समुद्र पाहिले, मोठमोठे तलाव पाहिले. पण धाडस म्हटलं की मला ती ओल्या लुगड्यातली बाई दिसते, आणि बहिणीच्या अंगणात वाद न घालता चूल मांडणारा तिचा भाऊ. त्या दिवशी मळ्यात पोचल्यावर आई टेम्पोतली रिकामी भांडी उतरवत होती. म्हणाली, "पुढच्या वर्षी वांगी जास्त घ्यायला हवीत. आक्कांना पुरली नाहीत."