आधी समोरच्याची बाजू

वादविवादाच्या टीमबरोबर राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. डब्यातल्या लोणच्याच्या वासासारखे दप्तराला चिकटून ते घरी येतात. मी याच मुलींच्या शाळेत शिकले. आता एमए करता करता तिथल्या टीमची तयारी घेते. मुली मला ताई म्हणतात. शिक्षकखोलीत माझा उल्लेख 'ती मुलगी' असा होतो.

आमचा एक नियम आहे. आधी समोरच्याची बाजू मांडायची, ती अशी की त्याने मान डोलावली पाहिजे. मगच खोडायची.

*

आठवीतली अन्विता सरावात वेळ संपत आली की सूचनेची आणि संपली की शेवटची घंटा वाजवते. शाळेच्या समारंभात प्रमुख पाहुणे 'आजच्या मुली' या विषयावर बोलतच सुटले. अन्विताने शेवटची घंटा वाजवली. पाहुणे वाक्य अर्धं टाकून खाली बसले.

टीमच्या प्रमुख जोशीबाई संतापल्या. "पाहुण्यांना घंटा वाजवतात का?"

"चुकलं, बाई. आधी सूचनेची घंटा द्यायला हवी होती."

*

एका स्पर्धेत आमची मिहिका पाणीकपातीवर बोलली. परीक्षक म्हणाले, "मुद्दे उत्तम, पण मुलीच्या आवाजात जरा गोडवा हवा."

"सर, कुठल्या मुद्द्यात घालू?" तिने अगदी नम्रपणे विचारलं.

तिसरा नंबर आला. जोशीबाई म्हणाल्या, "गप्प बसली असतीस तर पहिला होता."

"बाई, स्पर्धा बोलण्याची होती."

मोठ्यांचं मुलींच्या आवाजाबद्दल मत असतं, मुलींच्या मताबद्दल मात्र नसतं. हे मी शिक्षकखोलीतही बोलून दाखवलं. चहा थंड झाला.

*

समृद्धी नववीत. रोज लोणी काळभोरहून येते. टीममधली सगळ्यात ताकदीची वक्त्री. पुण्याची फेरी जिंकली तर अंतिम फेरी नागपूरला होती, आणि तिच्या वडिलांनी आधीच सांगून टाकलं होतं, "मुक्कामाला पाठवणार न्हाई."

मी त्यांना फोन केला. समानता, संधी, आत्मविश्वास, सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे फोन ठेवला.

समृद्धी शेजारीच उभी होती. म्हणाली, "ताई, तुम्ही त्यांची बाजू मांडलीच नाही."

*

पुण्याच्या फेरीत विषय निघाला: शाळकरी मुलींनी मुक्कामाच्या स्पर्धांना जावे. बाजू चिठ्ठीने ठरते. समृद्धीला प्रतिकूल आली. मी कपाळाला हात लावला.

तिचे वडील तिला घ्यायला आले होते. मांडीवर हेल्मेट घेऊन शेवटच्या रांगेत बसले.

"रात्री मुलीचा फोन लागला नाही, तर बापाने कुणाला विचारायचं?" समृद्धी म्हणाली. "ती झोपणार त्या खोलीला आतून कडी आहे का, हे कुणी बघितलंय? माझी मुलगी कशी आहे हे मला माहीत आहे. बाहेरचे लोक कसे आहेत, ते माहीत नाही."

वडील ऐकत राहिले. मग त्यांची मान हळूच हलली.

तिचा पहिला नंबर आला. बाहेर वडील गाडी काढत होते, मी फाटकापाशी होते.

"पप्पा, पटलं का?"

"पटलं की. माझंच तर हाय सगळं."

"काही राहिलं का तुमचं?"

त्यांनी विचार केला. "न्हाई."

"मग आता खोडू?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हेल्मेट घालणार होते, ते हँडलला अडकवलं.

"बस मागं," ते म्हणाले. "लोणी येईपर्यंत खोड."