फॉर्मवरचं ‘नाही’

आमच्या संस्थेनं आरोग्य विमा सगळ्या कर्मचाऱ्यांना सक्तीचा केला, तेव्हा माझी श्रद्धा चांगलीच डळमळली होती. मी यवतमाळला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. फुकट उपचार मागायला लाज वाटावी एवढा पगार आहे, आणि विम्याचा हप्ता कापला की महिनाअखेर नाकी नऊ यावेत एवढाच तो आहे. नवराबायको दोघांचा विमा काढायचा होता, नको म्हणायची सोय नव्हती. मुलगी नागपूरला वसतिगृहात राहून शिकत होती. तू सांभाळणारा असताना हा आणखी कोण सांभाळणारा माझ्या पगारात वाटेकरी झाला, असं मी कळंबच्या चिंतामणी गणपतीला मनातल्या मनात कितीदा तरी सुनावलं.

फॉर्मवर जुन्या आजारांचा रकाना होता. बायकोला सहा वर्षांपासून शुगर आहे. ते लिहिलं असतं तर हप्ता जवळपास दीडपट झाला असता, मग मुलीच्या मेसचे पैसे कुठून आणायचे? मी ‘नाही’ लिहिलं. सहीसाठी फॉर्म घरी आणला. बायकोनं चष्मा लावून तो नीट वाचला आणि सही केली.

पुढच्या संकष्टीला आम्ही नेहमीसारखे कळंबला गेलो. तिथलं मंदिर जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून दर्शनाला जावं लागतं. दुपारची रांग मोठी होती. अर्ध्या पायऱ्या उतरलो असू, तोच बायकोचा हात घामानं ओला लागला. ती थरथरत होती, आणि बघता बघता मटकन खाली बसली. कोणी वारा घालू लागलं, कोणी म्हणालं ऊन लागलं असेल. मला काही म्हणजे काही सुचेना.

वर दुर्वा नि जास्वंद विकत बसलेली एक म्हातारी गर्दीतून वाट काढत खाली आली. तिनं बायकोच्या कपाळाला हात लावला आणि मला विचारलं, “बाईले शुगर आहे काय?”

मी मागे वळून पाहिलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणीही मला तो रकानाच आठवला. आसपास कॉलेजातलं कोणी नाही ना, असंही वाटून गेलं. इतका मी कोता झालो होतो.

“भाऊ, तुमाले विचारून राह्यली मी. आहे का नाही?”

खाली गाभाऱ्यात समई तेवत होती. “आहे,” मी म्हणालो. “सहा वर्षांपासून.”

तिनं पिशवीतून नैवेद्याचा गूळ काढला आणि बायकोला थोडा थोडा चारला. तिच्या घरीही हेच दुखणं होतं, म्हणून घाम बघताच शुगर उतरल्याचं ओळखलं म्हणाली. थोड्या वेळानं बायकोच्या चेहऱ्यावर तरतरी आली, तशी म्हातारी उठून आपल्या टोपलीकडे गेली.

मग कळलं की बायकोनं सकाळी गोळी घेऊन कडकडीत उपास धरला होता. डॉक्टरांनी उपासाला सक्त मनाई केलेली. असं काहून केलं, मी विचारलं.

“तुमी ‘नाही’ लिवलं ना,” ती हळूच म्हणाली. “मंग म्या म्हटलं, शुगरच नाही तं उपासाले काय होते?”

ती रागावून बोलली असती तर मी भांडलो असतो. ती हसत होती. मी त्या पायरीवर बसून सगळ्यांदेखत रडलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फॉर्म परत मागून घेतला आणि ‘आहे’ लिहिलं. हप्ता वाढला. मुलीनं मेस सोडली, मैत्रिणींसोबत खोलीवर स्वयंपाक करते. पगारपत्रक हाती आलं की आजही मी आधी कपातीचा आकडा बघतो, आणि चिंतामणीनं त्यातला एक रुपयाही कमी करून दिलेला नाही. पण ज्याच्यापासून काही लपत नाही, त्याच्या पायरीवर मला विचारलं गेलं, आणि वेळ हातात असतानाच विचारलं गेलं. याहून मोठी कृपा मी मागितली नव्हती. काळजी त्याच्यावर सोपवायची तर आधी खरं सांगावं लागतं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

आता संकष्टीचा उपास मी धरतो. कळंबच्या बसस्टँडवर बायको माझ्यासमोर बसून तर्री-पोहे खाते, आणि तिची प्लेट रिकामी होईपर्यंत मी हात जोडून बसलेला असतो.