तपासनिसानं तपासलेला बर्फ

आमच्या तपासनिसानं आयुष्यात वरचं म्हणून काही उचललं नाही. पेपरच्या गठ्ठ्यातला खालून तिसरा पेपर ओढायचा. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलब्यांचं ताट घेऊन आला, की याची बोटं ताटाच्या तळाशी. एकदा गणपतीच्या देवळात पुजाऱ्यानं हातावर ठेवलेला पेढा यानं परत केला आणि म्हणाला, "गुरुजी, खालचा द्या." मी लाजेनं खांबाआड गेलो. पुजाऱ्यानं मुकाट्यानं खालचा दिला, आणि तो खरोखरच ताजा निघाला, हे त्याहून वाईट. त्यानंतर देवळात जाताना मी त्याला बरोबर नेणं सोडलं.

लासलगावात त्याचा कांद्याचा व्यापार. बाजार त्याला अण्णाशेठ म्हणायचा; तपासनीस हे नाव मी कॉलेजच्या होस्टेलात ठेवलेलं. लिलावाला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेनं लागल्या की बाकीचे व्यापारी वरचे चार कांदे दाबून बघायचे. हा बाही वर करून कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि तळाचा कांदा काढायचा. शेतकरी वरचा थर निवडून, पुसून लावतो. त्यात त्याचं काही चुकतं असं नाही, आपणही पाहुण्यांपुढे चांगल्याच कपबश्या काढतो. पण "माल वरून चांगला दिसतोय," असं अण्णाशेठ म्हणाला, की ट्रॉलीवर बसलेल्या माणसाचा चेहरा उतरायचा. कारण त्या वाक्यानंतर बाही वर जायची.

अशा माणसाचा जानेवारीत मला फोन आला. "मास्तर, बर्फात जाऊ. पायाला पट्ट्या बांधून घसरायचं."

मी नाशिकला शाळेत भूगोल शिकवतो. तीस वर्षं हिमनद्या शिकवल्या, पण बर्फ पाहिला तो फक्त उसाच्या रसातला. दोघंही पंचावन्न ओलांडलेले. त्याच्या गुडघ्यातून जिना चढताना आवाज येतो, माझ्या कमरेला पट्टा. आणि मुख्य म्हणजे जानेवारी! लाल कांद्याची आवक ऐन भरात असताना व्यापारी सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला तासभर उशिरा जातो, आणि हा म्हणे आठ दिवस मनालीला. पाणी कुठंतरी मुरत होतं.

मी माझ्या परीनं तपास केला. आजार असेल म्हणून गप्पांच्या ओघात त्याच्या शर्टाच्या खिशात डोकावलो. तिथं फक्त पेन आणि वाळलेली कांद्याची पात. बाई असेल, तर या वयात त्याच्या नादी लागणारी बाई आधी मलाच बघायची होती. शेवटी मंदावहिनींना विचारलं. गेली दोन वर्षं त्या वर्षातले सहा महिने कॅनडात, एकुलत्या एक लेकीकडे, कोमलकडे असतात. नेमक्या तेव्हा घरी होत्या.

"मला नका विचारू भावजी," त्या म्हणाल्या. मग आम्ही नाशिकरोड स्टेशनला निघालो तेव्हा गाडीच्या काचेपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तिथं ते तुम्हाला एक गोष्ट विचारतील. तेव्हा माझी आठवण ठेवा."

"काय विचारतील?"

"विचारतील तेव्हा कळंल."

झालं! दिल्लीपर्यंतच्या गाडीत आणि पुढच्या अख्ख्या बसमध्ये मला झोप नाही. तपासनीस समोर बसून घरून आणलेल्या पिशवीतले कांदे मोजत होता. कांदे कशाला, विचारलं, तर म्हणे, "तिकडचा कांदा कसा असंल काय सांगावं."

मनालीला हॉटेलात त्यानं तीन खोल्यांतल्या गाद्या उलट्या करून पाहिल्या आणि पहिलीच घेतली. बर्फाचे उतार आहेत त्या सोलंगच्या वाटेवर बर्फातले कपडे भाड्यानं देणारी दुकानं आहेत. तिथं त्यानं प्रत्येक गमबुटात नाक घातलं. पाचव्या बुटानंतर डोळ्यांत पाणी आलेलं, तरी सहावा हुंगला. शेवटी त्याला लाल आणि मला पोपटी, असे अंगभर पिशवीसारखे पोशाख चढवून आम्ही उतारावर उभे राहिलो. नवी लग्नं झालेली जोडपी आमच्याकडे बघून हसत होती. हसू देत. त्यांनाही पंचावन्न होणार आहेत.

आमचा शिकवणारा त्याच गावचा, चाळिशीचा शांत गृहस्थ. तो दोन्ही पट्ट्यांवर झोकात घसरून दाखवायला लागला, तसा तपासनिसानं हात वर केला. "चलके तो कोई भी दिखायेगा भैया. तुम पहले गिरके दिखाओ. और फिर उठके."

तो बिचारा खरंच पडला, उठला, कपडे झटकले. "अब ठीक है," तपासनीस म्हणाला. मी मागून त्याला उताराचा कोन, घर्षण वगैरे समजावून सांगत होतो. सांगता सांगता माझ्याच पायाखालून पट्ट्या गेल्या आणि सातवी ते दहावीचा सगळा भूगोल पाठीवर पडून आकाशाकडे बघत बसला. मला हसायला म्हणून तो वळला आणि सुटला. थांबायला पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची असतात. यानं नेमकी फाकवली. "मास्तर, ब्रेक कुठंय? अय मास्तर!" असं ओरडत तो नूडल्सच्या टपरीवरून, एका नवरीच्या फोटोमधून आरपार गेला आणि कमरेइतक्या ढिगाऱ्यात जाऊन रुतला.

मी धापा टाकत पोचलो. मला वाटलं, हाड मोडलं. तर हा गडी बर्फात कोपरापर्यंत हात खुपसून तळ चाचपत होता. मूठभर बाहेर काढलं, माझ्यासमोर धरलं. "वरून कापूस हाय. खाली दगड."

एवढ्यावर मी हसून सोडून दिलं असतं. पण पुढच्या दिवसांत त्याचे प्रश्न ऐकून माझ्या मनात पाल चुकचुकत राहिली. तो शिकवणाऱ्याला विचारायचा, बर्फ पडला की म्हातारी माणसं दिवसभर काय करतात? कुणाच्या घरी जाऊन बसतात का? की आपापल्या घरात? सकाळी उठून तो रिकामी पिशवी घेऊन बर्फातून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटा चालत जायचा, परत यायचा आणि घड्याळात बघायचा. सहल करायला आलेला माणूस असं करतो का? मी विचारलं की म्हणायचा, "पाय मोकळे करतोय रे." खोटं बोलताना तो माझ्याकडे बघत नाही, हे मला होस्टेलपासून ठाऊक आहे.

चौथ्या संध्याकाळी त्यानं पिशवीतला एक चांगला, गोल कांदा निवडला आणि गॅलरीतल्या बर्फावर ठेवला. सकाळी तो दगडासारखा झाला होता. त्यानं तो खोलीत आणून उन्हात ठेवला आणि आम्ही चहा पीत त्याच्याकडे बघत बसलो. दोन बाप्ये, एक कांदा. तासाभरानं त्यानं सुरी मागवली आणि कांदा चिरला. वरची साल तशीच लाल, चकचकीत. आत पाकळ्या काचेसारख्या झाल्या होत्या आणि सगळं पाणी सुटलं होतं.

"वरून काय कळतंय का, बघ," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. वहिनींना लेकीपासून लांब राहवत नाही. नातू आता आजीशिवाय जेवत नाही. सहा महिने ती तिकडं, सहा महिने इकडं, त्यात ना तिचा जीव थाऱ्यावर ना याचा. कॅनडाचे कागद झाले होते, व्यापार पुतण्याकडे द्यायचा होता, फक्त याचा होकार अडला होता. "जिथं जायचं त्याचा माल तरी बघावा म्हणून आलो. बर्फ बघितला, थंडी बघितली, पडून बघितलं. आता तू सांग मास्तर. माझं निभंल का तिथं? तू म्हणशील तसं करतो."

मला तेव्हा रागच आला. असला प्रश्न विचारायला माणूस मित्राला इतक्या लांब आणतो! निभणार नव्हतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. चहाच्या टपरीवर चार माणसांनी नावानं हाक मारली नाही तर ज्याला दिवस वाया गेला असं वाटतं, तो माणूस बंद काचेमागं काय करणार? आणि माझं काय? दर रविवारी लासलगावहून येऊन माझ्या घरच्या भाज्या उलट्यापालट्या करून बघणारा, माझ्याशी भांडणारा दुसरा कुणी मला उरला नव्हता. नको जाऊस, एवढंच म्हणायचं होतं. पण गाडीच्या काचेपाशी उभ्या वहिनी आठवल्या.

"निभेल की," मी म्हणालो. "माणसं राहतातच ना तिथं. आणि नातवाला कांदा ओळखायला कोण शिकवणार? जा तू."

पुढेही मी बरंच बोललो. तिथं घरं कशी उबदार असतात, उन्हाळा किती सुंदर असतो, मराठी मंडळं असतात. वर्गात बोलतो तसं, पुस्तकातलं. तो ऐकत राहिला. गाद्या, बूट, बर्फ, पेढा, सगळं तपासणाऱ्या माणसानं मला एकही उलट प्रश्न विचारला नाही. "बरं," म्हणाला आणि कांदा उचलून टाकून आला.

मे महिन्यात ते दोघं गेले. जायच्या आदल्या दिवशी मी लासलगावला गेलो होतो. उन्हाळ कांद्याच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. तो रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्याबरोबर चालला आणि प्रत्येक ट्रॉलीवरून नुसता हात फिरवत गेला. वरूनच. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलंही, "का हो शेठ, आज हात नाय घालत?" तो म्हणाला, "असू द्या बाबा, चांगलाच असंल." मी कापडाच्या दुकानाची पाटी वाचत उभा राहिलो.

मग फोन होत राहिले. उन्हाळाभर तो नातवाचं सांगायचा. डिसेंबरात एका रविवारी त्याचा चेहरा फोनवर आला तेव्हा मागच्या खिडकीत सगळं पांढरं होतं. मी विचारलं, "कसं आहे रे तिकडं?"

"माल वरून चांगला दिसतोय," तो म्हणाला.

ते वाक्य मी तीस वर्षं ऐकलेलं. "आणि खालून?" मी विचारलं.

"विचारलंस एकदाचं! मला वाटलं, वरच्यावरच समाधान मानतोस." तो हसला. "मंदा खूश हाय. पोरगं माझ्या मांडीवरून उठत नाय. पण दिवस लय लांब असतो मास्तर. बोलायला माणूस नाय."

मला राहवलं नाही. "माझं चुकलं रे," मी म्हणालो. "सोलंगला मी तुला खरं सांगितलं नाही. वहिनींनी मला..."

"म्हाईत हाय मला."

"माहीत होतं? कधीपासून?"

"तू बोलत होतास तेव्हाच. तू खोटं बोलायला लागला की पुस्तकातलं बोलतो."

"मग हात का नाही घातलास? एरवी पेढासुद्धा सोडत नाहीस!"

त्यानं खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वरचा थर लय मेहनतीनं लावला होतास रे," म्हणाला. "मोडायचं जिवावर आलं."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी पासपोर्टचा फॉर्म भरून आलो. फॉर्म तीनदा तपासला.