साहेबांच्या मुलाबरोबर डोंगरावर

आमचं घर बदलापूरच्या कडेला, खरवईत. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात मजूर होते. रविवारी ते कारखान्यातल्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर जात, बाग झाडत, कुंड्या हलवत, पाणी भरत. मी शाळेत हुशार निघालो, मुंबईच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलो आणि सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेलो. स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. ज्या विद्यापीठात मला जागा मिळाली, तिथंच साहेबांचा मुलगा आधीपासून शिकत होता. वडिलांना त्याचा कोण आनंद! बंदरावर पोचवायला आले तेव्हा शेवटचं बोलणं तेच.

"आपल्या मानसाचा आधार हाय तिथं. त्याच्या शब्दाबाहेर जाऊ नको."

पायांत मी नवे बूट घातले होते. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बराकीत एका सिंधी माणसाचं दुकान होतं, तिथून वडिलांनी ते आणले होते. "साईं, विलायत तक चलेगा," असं तो म्हणाला होता आणि विलायतेपर्यंत ते खरंच चालले.

साहेबांचा मुलगा सुरुवातीला बरा वागला. त्यानं मला ओव्हरकोट कुठं मिळतो ते दाखवलं, खोली शोधून दिली. पण चारचौघांत माझी ओळख करून देताना एक वाक्य ठरलेलं: "याचे वडील आमच्याकडे बागेत असतात." तो मला अरे-तुरे करायचा. मला त्याला 'तू' म्हणता येईना आणि 'तुम्ही' म्हणायची लाज वाटे, म्हणून मी त्याला काही म्हणतच नसे.

मार्चमध्ये त्यानं शनिवार-रविवारची डोंगरातली सहल काढली. आम्ही पाच जण होतो. तो, मुंबईचे दोन मित्र, वर्गातली एक इंग्रज मुलगी आणि मी. शनिवारी सकाळी बसनं पायथ्याच्या गावी पोचलो, तिथल्या यूथ होस्टेलमध्ये सामान टाकलं आणि चढायला लागलो. जेवणाची मोठी पिशवी होती, ती त्यानं माझ्या पाठीवर चढवली.

"तुमच्या घराण्यात सवय आहे ओझ्याची," तो म्हणाला. दोघं मित्र हसले. मुलीला मराठी कळत नव्हतं, तीही हसली.

वर अजून बर्फ होतं. उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला आणि प्रत्येक पावलाला फटफट वाजू लागला. त्यावरही हसून झालं. मित्रांपैकी एकानं तळाला दोरी बांधून दिली, तीही सुटली. दुपारी एका दगडी बांधाच्या आडोशाला आम्ही जेवलो. उठताना साहेबांचा मुलगा म्हणाला, "तू पिशवीपाशी थांब. तुझ्या बुटानं आम्हाला उशीर होतोय. टोक बघून येतोच."

मुलीनं विचारलं, हा का येत नाही? तो तिला इंग्रजीत म्हणाला, "त्याला राखण करायला आवडतं."

ते गेले आणि थोड्या वेळानं धुकं उतरलं. मी हाका मारल्या. मग विचार केला, आपण हललो तर त्यांना सापडणार नाही. म्हणून बसून राहिलो. संध्याकाळी उतरायचा प्रयत्न केला, पण दहा पावलांत घसरलो आणि रांगत बांधापाशी परत आलो. मग बर्फ पडू लागलं. उजव्या पायाला आधी आग लागल्यासारखं झालं, नंतर काहीच वाटेना, तेव्हा मला बरं वाटलं. रात्र तिथंच गेली.

सकाळी होस्टेलचा व्यवस्थापक आणि ती मुलगी वर आली. मुलगी मला बघून रडायला लागली. इस्पितळात तिनं सगळं सांगितलं. ते चौघं डोंगराच्या दुसऱ्या बाजूनं खाली उतरले होते; मी आपला आपण खाली येईन, असं त्यानं तिला सांगितलं होतं. "तो रुसून संध्याकाळच्या बसनं परत गेला," असं साहेबांच्या मुलानं होस्टेलमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. सकाळी माझी बॅग तिथंच पडलेली तिला दिसली, म्हणून तिनं आरडाओरडा केला.

माझ्या पायाची दोन बोटं कापली; घरी पत्रात तेवढंच कळवलं. साहेबांचा मुलगा भेटायला आला, संत्री घेऊन.

"गंमत केली रे," तो म्हणाला. "वाटलं, कंटाळून येशील खाली. इतका वेळ कोण बसतं?"

शिक्षण संपवून मी परत आलो. आईनं पहिल्याच दिवशी न्हाणीत माझा पाय हातात घेतला. बराच वेळ त्यावर कोमट पाणी ओतत राहिली.

"दुखतं काय रं?"

"नाही."

"मंग चालताना तोंड असं का करतोस?"

वडील दारात उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ऐकून ते म्हणाले, "गावात मी सांगितलंय, तू घसरून पडलास म्हनून. तू पन तेच सांग. साहेब मला मुकादम करनार हायेत."

पुढच्या रविवारी साहेबांनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. मुलगाही परत आला होता. वडील आयुष्यात पहिल्यांदा त्या बंगल्यात पुढच्या दारानं शिरले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. चहा आला. मुलानं गोष्ट सुरू केली.

"बाबा, आम्ही खाली गरम सूप पितोय आणि हा वर पिशवी राखत बसलाय! रात्रभर!"

साहेब खदखदून हसले. वडिलांकडे वळून म्हणाले, "अगदी तुझ्यावर गेलाय रे. सांगितलं की हलायचं नाही!"

"व्हय साहेब," वडील म्हणाले आणि तेही हसले. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खरोखर हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"बघू तरी, काय झालंय पायाला," साहेब म्हणाले.

मी हललो नाही.

"काढ ना बूट," वडील म्हणाले. "साहेब बोलतायत."

मी बूट काढला, मोजा काढला. साहेब वाकून बघू लागले. बाईसाहेबांनी तोंडावर पदर घेतला. "ईऽ! चहाच्या वेळी कसलं दाखवता! घाला ते आधी." मी मोजा चढवू लागलो, तर घाईत तो उलटा झाला. सगळे थांबून बघत होते. वडील खाली बसले आणि त्यांनी माझ्या पायात मोजा सरळ करून घातला, बुटाची नाडी बांधली. साहेबांच्या मुलानं तेवढ्यात दुसरं बिस्किट घेतलं.

बाहेर पडल्यावर आम्ही शिवमंदिराच्या रस्त्यानं स्टेशनाकडे निघालो. वडील पुढं झपझप चालत होते. मला तेवढं जमत नव्हतं. त्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

"निघताना बोलले मला," ते मागं न बघता म्हणाले. "मुकादमाचं पक्कं झालं."

दिवाळीच्या आत ते मुकादम झाले. खरवईत घरोघरी पेढे वाटले. मला दिला तोही मी खाल्ला. त्याच कारखान्यात माझ्यासाठी प्रयोगशाळेतली जागा साहेबांनी देऊ केली होती. ती न घेता मी अहमदाबादच्या एका गिरणीत नोकरी धरली. वडिलांनी कारण विचारलं नाही. साहेबांना काय सांगायचं, एवढंच विचारलं.