करकोच्यांची पोस्ट दोन

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वेडंवाकडं, ते सांभाळून घ्यावं. चौथीनंतर शाळा सुटली. तरी लिहिते, कारण हे मला तोंडाने सांगता येत नाही.

नव्वद सालानंतर नांदूर मधमेश्वरला पाणपक्ष्यांच्या राखणीवर मला रोजंदारी मिळाली. आमचे प्रमुख आर्मीतून रिटायर झालेले हवालदार पाटोळे. पाण्याकाठच्या मचाणाला ते पोस्ट म्हणत. ते पलीकडच्या काठावर, पोस्ट एक. मी अलीकडे, पोस्ट दोन. थंडीत दूरदेशाहून करकोचे येत. सकाळी हरभऱ्यात चरून पाण्यावर उतरत. त्या वेळी काठावर आवाज करायचा नाही, ही पहिली ऑर्डर.

वायरलेस सेटवर बोलायची मला लाज वाटे.

"मंदाबाई, सेट चावत नाही," साहेब म्हणाले.

"लय जण ऐकत्यात, साहेब."

"मग बटण दोनदा दाब. मी समजेन, ऑल ओके."

दोन हिवाळे मी तेच केलं.

त्या सकाळी दाट धुकं होतं. नऊच्या सुमारास विरलं, तेव्हा उथळ पाण्यावर काहीतरी चमकलं. बांबूंना ताणलेलं नायलॉनचं जाळं, त्यावर दवाचे थेंब. आणि वर करकोच्यांचा आवाज! थवा घिरट्या घालत खाली येत होता. मी बटण दाबलं.

"पोस्ट एक! पाण्यात जाळं हाय! पाखरं उतरत्यात!"

जराशी खरखर झाली. मग साहेब, "उडव त्यांना! ओव्हर!"

लहानपणी बाजरी राखायचे तशी मचाणावर उभी राहिले. अंगावरची शाल गरगर फिरवली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "हाऽऽऽ हो! हाऽऽऽ हो!" अख्खा थवा एका अंगावर कलला आणि वर चढला. पंखांचा वारा माझ्या तोंडावर लागला. मला ओरडणं थांबवताच येईना.

"बस, मंदाबाई," सेट बोलला. "निफाडपर्यंत ऐकू गेलं."

थव्याच्या पुढचे तीन मात्र आधीच जाळ्यात उतरले होते. साहेबांनी पाण्यात शिरून जाळं कापलं. दोन उडाले. तिसऱ्याची मान मोडली होती. साहेबांनी त्याला बाभळीखाली पुरलं, सावधान उभे राहिले, सॅल्यूट केला. मीही केला, डाव्या हाताने. एरवी बिल्ला वाकडा दिसला तरी रागावणाऱ्या साहेबांनी तो चालवून घेतला.

पुढे काही वर्षांनी, पावसाळ्यात साहेब वारले. हिवाळा आला तरी पोस्ट एकवर नवा माणूस नव्हता. पहिला थवा हरभऱ्यातून आला, घिरट्या घातल्या आणि मोकळ्या पाण्यात उतरला. सगळेच्या सगळे.

आवाज करायचा नव्हता. मी सेट उचलला आणि बटण दोनदा दाबलं.