तांदळात लिहिलेलं नाव

बहिणीनं परदेशात तिथलाच पासपोर्ट घेतला, तेव्हा आई पंधरा दिवस तिच्याशी धड बोलली नाही. "आपली वळख अशी टाकून देतं का गं कोनी?" एवढंच फोनवर म्हणाली. पुढे बहिणीला दिवस गेल्याचं कळलं आणि राग कुठल्या कुठे पळाला. बाळंतपणाला आईच हवी होती. त्यासाठी आईला जन्मातला पहिला पासपोर्ट हवा होता.

अर्ज मी भरला. पासपोर्टच्या ऑफिसात टोकनच्या नंबरानं बोलावलं, त्यामुळे तिथं निभावलं. पोलीस चौकशीला हवालदार आमच्या गावी, पोशीरला आला तेव्हा मी कामावर होतो, बाबा शेतावर. आई ओटीवर तांदूळ निवडत होती. आमच्या आळीत आडनाव सगळ्यांचं एकच, म्हणून त्यानं कागदावरचं नाव विचारलं. सुपातून मान वर न काढता आई म्हणाली, "त्या नावाचं हितं कोनी नाय." वर शेजारच्या काकूंनाही ओरडून विचारलं. काकू म्हणाल्या, "आख्ख्या आळीत नाय!" हवालदारानं तसं लिहून घेतलं आणि आईनंच केलेला चहा पिऊन तो गेला.

संध्याकाळी आईनं हवालदाराचं सांगितलं. मी अर्जावरचं नाव उच्चारलं, तशी ती मटकन खाली बसली. नाव तिचंच होतं, माहेरचं. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, पाहुण्यांनी पेढे खाल्ले, आणि जुनं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. अर्ज मी त्याच दाखल्यावरून भरला होता. माहेरी ती सगळ्यांची ताई. चाळीस वर्षांत त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती.

"माज्याच तोंडानं मी नाय म्हनले. आता पोरीकडं कोन जानार?" ती रडायला लागली. मला हसू येत होतं आणि तिच्याकडं बघवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार उडालाच. "मावशी, तुमीच तर मला नाय म्हनालात!" साहेबांनी बाबांना विचारलं, "ह्या तुमच्या पत्नी ना? मग नाव सांगा." बाबांनी घसा साफ केला आणि सवयीनं आपण लिहिलेलंच नाव सांगितलं. आईनं असं काही बघितलं, की तेव्हा कुठे माहेरचं नाव त्यांच्या तोंडून निघालं, तेही नव्या नवऱ्यासारखं लाजत. साहेबांनी शेरा बदलला.

पासपोर्ट हातात पडला त्या दिवशी तिनं बहिणीला फोन लावला. "तुला दुसरा पासपोर्ट देताना इचारलं तरी आसंल ना गं? तू सही केलीस. माजं तर ताटात आयतंच लिवलेलं व्हतं."

बाबा पलीकडच्या खोलीत ऐकत होते. मग त्यांनी चहासाठी हाक मारली, माहेरच्या नावानं. आईला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, तरी तिनं तीनदा हाक मारायला लावली.